एकतीस नंबरच्या मुलीचा आजोबा

मी, वॉल्टर ग्रुश्का, वय ७६, काचकारखान्यातला निवृत्त फिटर, राहणार टोलीडो, ओहायो, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. फुप्फुसं गेली आहेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांच्या मते हातात काही आठवडे आहेत. याआधी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर मुलगी नोरीन हिला. तिने ते ठेवावे की विकावे, यात कोणी नाक खुपसू नये. नवरा सोडून गेल्यापासून ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात राबते. माझी नात टेस हिच्या फुटबॉल क्लबची फी परवडेना, तेव्हा ही सरळ क्लबात गेली आणि म्हणाली, "फी अर्धी करा, शनिवारी मैदानावरच्या रेघा मी मारते." सात वर्षं मारल्या. इतर आया गाडीत कॉफी पीत बसत, हिचे बूट चुन्याने पांढरेफटक. तिला कधी लाज वाटली नाही. मला सुरुवातीला वाटली, हे इथे कबूल करतो. तिच्या तोडीची बाई मी पाहिलेली नाही.

२. मेहुणा ड्वेन म्हणाला होता, "पोरीला दुकानात गल्ल्यावर बसवा. चेंडूमागे धावून कोणी कॉलेजात जातं होय?" त्याला माझी घडीची खुर्ची. अट एकच: तिच्यावर बसून त्याने टेसचा एक सामना भर पावसात शेवटपर्यंत पाहावा.

३. बँकेतली सर्व शिल्लक टेसच्या कॉलेजसाठी. ती पुरणार नाही, हे मला ठाऊक आहे. शिष्यवृत्ती लागेलच.

४. हत्यारांची पेटी पेज हॉलिस या मुलीला. ती आमची कोणी लागत नाही, पण सायकल स्वतः दुरुस्त करते. कारण पुढीलप्रमाणे. गेल्या जूनमध्ये इंडियानापोलिसच्या स्पर्धेत कॉलेजांचे प्रशिक्षक वह्या घेऊन रेषेबाहेर बसले होते. पालकांनी त्यांच्याशी चकार शब्द बोलायचा नाही, असा दंडक. टेसचं नाक फुटलं. रक्ताचा शर्ट चालत नाही, म्हणून पंचांनी तिला बाहेर काढलं. नोरीनने पिशवीतला जादाचा शर्ट दिला, नंबर एकतीस. त्यानंतर पोरगी काय खेळली! गोलरेषेवरून तीन चेंडू परतवले. पण छापील यादीत एकतीस नंबर पेजचा, आणि पेजने तर महिन्यापूर्वीच क्लब सोडलेला. त्यामुळे एका कॉलेजचं, आमच्या संघात ये म्हणणारं पत्र तिच्या घरी गेलं. तिची आई म्हणाली, "आयती संधी आलीय, गप्प बस." पेज गप्प बसली नाही. सायकल मारत आमच्या दारात आली. "नोरीनकाकू, हे टेसचं आहे. मी त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे होते हो!" सतरा वर्षांच्या पोरीची ही नियत. मी तिच्यापुढे टोपी काढली.

५. शनिवार, १४ सप्टेंबरला त्या कॉलेजच्या प्रशिक्षिका टेसला पाहायला स्वतः टोलीडोला येत आहेत. शिष्यवृत्तीची जागा एकच उरली आहे. शेजारी व्हर्नन मला ऑक्सिजनच्या नळकांड्यासकट गाडीतून मैदानावर नेणार, असं ठरलं आहे. पण त्या सकाळीच मी गेलो, तर शेवटची शिट्टी होईपर्यंत टेसला कळू देऊ नये. नोरीनने नेहमीसारखं रेषेवर उभं राहून ओरडावं.

हे कलम मी नोरीनला आजच वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, जाता जाता मला लेकीशी खोटं बोलायला लावताय?"

होय, लावतो आहे. टेसने विचारलंच तर सांगावं, आजोबा आलेत, गाडी लावायला जागा मिळत नाहीये.

सही: वॉल्टर ग्रुश्का
साक्षीदार: व्हर्नन टिब्ज, शेजारी, आयोना पेट्रेस्कू, परिचारिका
टोलीडो, २९ ऑगस्ट २०२४