घोट उतरल्याचा आवाज

प्रिय ससुले,

पाळण्यात होतीस तेव्हा लांब कुठे दार आपटलं तरी दचकायचीस, म्हणून हे नाव मी ठेवलं. आता नोकरी करतेस, पण माझ्या तोंडून ते काही सुटत नाही. मला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून हे पत्र खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई लिहून घेते आहे. मी सांगायचं, तिने लिहायचं, आणि मग लिहिलेलं मला मोठ्याने वाचून दाखवायचं. तिचं ‘मोठ्याने’ म्हणजे तिन्ही मजले खडबडून उठतात. तेव्हा यात गुपित असं काही उरणार नाही. तुझ्या हाती पडेपर्यंत सगळ्या इमारतीला हे पत्र पाठ झालेलं असेल.

तुझं मागचं पत्रही तिनेच वाचलं. शेजारच्या टेबलावरची बाई दिवसभर गाजरं कडाकडा चावते आणि तू कानात कापूस कोंबून नकाशे काढत बसतेस, हे कळल्यावर मी पोट धरून हसले. शिंपीणबाई मात्र तुझ्या बाजूची. तिचा नवरा सूप प्यायला लागला की मोरी तुंबल्यासारखं वाटतं, म्हणे. मी म्हटलं, बाई गं, मीच नशिबाची, एवढा संसार झाला पण नवऱ्याच्या खाण्याबद्दल माझी एक तक्रार नाही. तिला काही ते पटेना. मग तिला जे सांगितलं ते तुलाही सांगते. आता झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तुझे आजोबा आणि मी बाटल्यांच्या कारखान्यात होतो, एवढं तुला ठाऊक आहे. ते भट्टीजवळच्या यंत्रावर, आणि मी समोर दिव्याखाली, पट्ट्यावरून येणाऱ्या बाटल्यांतला तडा शोधायला. बाटलीवर बाटली आदळत दिवसभर पुढे सरकायची. तिथे ओरडून काय उपयोग? सगळे नुसते ओठ हलवून बोलायचे आणि डोळ्यांनी ऐकायचे. ह्यांनी मला लग्नाचं विचारलं तेही तसंच, भट्टीपलीकडून, आवाज न काढता. मेल्या मुकादमानेही ते वाचलं आणि अख्ख्या पाळीने टाळ्या पिटल्या. त्या टाळ्याही मी ऐकल्या नाहीत, फक्त पाहिल्या. आम्हा दोघांचेही डोळे तयार होत गेले आणि कान गेले. भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या घरात फक्त भिंतींनाच होते. तू कॉलेजसाठी आमच्याकडे राहिलीस तेव्हा तुला वाटायचं, आजी किती मन लावून ऐकते, माझ्या तोंडावरची नजर हलवत नाही. कशी हलवणार? पाठ फिरवलीस की तू मला मुकी. कुणाला सांगितलं नाही, कारण बहिरं म्हटलं की लोक शहाण्या माणसालाही खुळ्यात काढतात.

जेवायला बसलीस की ह्यांच्या पहिल्या घासाला तुझी बोटं ताटाची कड घट्ट धरायची. मला वाटलं, स्वयंपाकच बिघडतो आहे. मीठ कमी कर, मीठ वाढव, किती दिवस माझं तेच चाललं होतं! मग एकदा हे दुधात पाव बुडवून खात होते. तू अर्ध्या ताटावरून उठलीस आणि हात धुता धुता, अगदी हळू, कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून, पुटपुटलीस, ‘गोठ्यात जेवल्यासारखं वाटतं.’ दुसऱ्या कुठल्याही घरात ते जिथल्या तिथे जिरलं असतं. पण बेसिनवर आरसा होता, पोरी, आणि ह्यांचं तोंड आरशाकडे.

तुला त्यांनी काही कळू दिलं नाही. मला एवढंच म्हणाले, पोर खोटं बोलत नाही, आपल्याला ऐकू येत नाही त्यात तिचा काय दोष? आणि मग त्यांची शाळा सुरू झाली. ओठ मिटून चावायचं, गळ्यावर हात ठेवून घोट उतरवायचा आणि मला विचारायचं, आला का आवाज? मी छातीठोकपणे सांगायचे, छे, अजिबात नाही! परीक्षा घेणारी कोण, तर मी. वाजेल म्हणून त्यांनी सफरचंद सोडलं, टोस्ट सोडला. तू म्हणायचीस, आजोबांचे दात दुखतात का गं? पुढे अभ्यासाला शांतता हवी म्हणून तू हॉस्टेलवर गेलीस. तरीही ते तसेच खात राहिले, भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं, आता कोण आहे ऐकायला? तर म्हणाले, सुट्टीत येईल ना, सवय मोडायला नको.

हे तुला टोचायला सांगत नाही. तुझ्या कानांना जे होतं ते तू हौसेने करत नाहीस, आणि बहिरेपण आम्हीही काही बाजारातून आणलं नव्हतं.

अर्धांगाचा झटका येऊन गेला हे तुझ्या बापाने फोनवर सांगितलंच असेल. ह्यांचं अर्धं तोंड लुळं पडलंय, म्हणून त्यांचे शब्दही आता मला अर्धेच कळतात. उरलेले मी माझ्या मनाने भरते आणि चुकले की ते डोळे वटारतात. इस्पितळातून एक बाई गिळायला शिकवायला येते. तिने सांगितलं, चमचा दिला की गळ्याशी कान न्यायचा. घोट स्वच्छ उतरल्याचा आवाज आला तरच पुढचा द्यायचा. खळखळ ऐकू आली की थांबायचं, नाहीतर अन्न फुप्फुसात जातं. मी शहाण्यासारखी मान हलवली. परवा मी चमचा पुसत होते आणि पुढ्यात ह्यांचा जीव घुसमटत होता. मान वर केली तेव्हा ओठ निळे झालेले. खालून शिंपीणबाईला खोकला ऐकू गेला म्हणून ती धावत आली आणि ते वाचले. मग माझे कान उघडे पडले. इस्पितळातली ती बाई म्हणाली, घरात नीट ऐकणारं कुणी नसेल तर पुढच्या आठवड्यात नाकातून नळी घालू आणि तोंडाने खाणं कायमचं बंद.

फार दिवस राहिलेले नाहीत, हे डॉक्टरांनी मला तोंड फिरवून सांगितलं, पण शिंपीणबाईने नाही फिरवलं. नळीचं ऐकल्यापासून हे एकच वाक्य म्हणतात, आणि ते मला अख्खं कळतं: ससुलीला बोलव, तिला ऐकू येतं. म्हणून हे पत्र. भरवायचं काम माझं. तू फक्त त्यांच्या गळ्याशी कान ने; घोट नीट उतरला की बोट वर कर, खळखळ झाली की मूठ मीट. सोसणार नसेल तर तसं लिही, मी रागावणार नाही. आलीस तर एक कर. इतक्या वर्षांत ह्यांच्या जेवण्याचा आवाज मी एकदाही ऐकलेला नाही. तो कसा येतो ते मला सांग. माझ्याकडे तोंड करून सांग, सावकाश.

तुझीच,
तुझ्या ओठांकडे बघत बसलेली
आजी