‘मंडई’ हा खेळ माझ्यामागे कोणाच्या हाती जावा याबद्दल

मी, श्यामला गोपाळकृष्ण गद्रे, वय वर्षे ५४, अविवाहित, धंदा मुलांचे शैक्षणिक खेळ बनवणे, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. धाकटा भाऊ माधव याला तो दाखला पटलेला नाही, कारण त्याने कलम चार आधीच वाचले आहे.

१. माझी राहती सदनिका भावजय कुसुम हिला द्यावी, तिच्या एकटीच्या नावावर. “ह्यांचंही नाव लावू या का?” असे ती विचारेल. नाही.

२. ‘सागरगोटा खेळ’ ही आमची छोटी कंपनी. ‘मंडई’ हा तिचा चालणारा एकमेव खेळ: भाजी घ्यायची, घासाघीस करायची, सुटे मोजून परत मागायचे. खेळ मी बनवला, प्रसिद्धी माधवने केली. पालकांसाठीच्या तीन मासिकांना तो नमुन्याचे डबे पाठवी आणि सोबत परीक्षणही, लिहून तयार. त्यांपैकी एका मासिकाच्या संपादिका आनंदीबाईंनीच सांगितले होते, “अहो, मजकूर तुम्हीच पाठवा. डबा उघडायला इथे सवड कोणाला आहे?” मजकूर मी लिहीत असे. मला मूलबाळ नाही. तरी अकरा वर्षांत मी कोथरूडची एक आई झाले, नारायण पेठेतली एक आजी झाले, एकदा तर सैन्यातले बाबाही झाले. या सर्वांची मुले गणितात पहिली आली.

३. आनंदीबाईंना माझी कात्री द्यावी. डबे त्यांच्याकडे आहेतच, आजवर नमुन्यादाखल पाठवलेले आठही, वेष्टनासकट.

४. दोन वर्षांपूर्वी दिवाळी अंकांची तारीख गाठण्यासाठी माधवने घाई केली आणि सहाशे डब्यांत फासा घालायचा राहिला. फाशाशिवाय ‘मंडई’त एक पाऊल टाकता येत नाही. तिन्ही मासिकांत छापून आले, ‘फासे टाकता टाकता मुले जेवण विसरली.’ डबे संपले. तक्रार एकही नाही. माधव म्हणाला, “बघ ताई, लोक किती समाधानी आहेत!”

जानेवारीत मुक्ताबाई आल्या. धनकवडीला घरात मुलांची शिकवणी घेतात. डबा काखेत.

“बाई, यात फासा न्हाई. दोन दिस शोधला, मग पोरांनी खडूचा केला. त्यो बी झिजला.”

मी माफी मागितली.

“बाकीच्या डब्यांत हाय न्हवं?”

“नाही.”

“आन् मग त्ये लोक खेळत्यात कसं?”

मी चहा टाकायला आत गेले. सहाशे घरांत आमचा खेळ खेळणारे घर एकच, आणि मी मात्र तिकडे आया-आज्या होत बसले होते.

सबब कंपनी, साचे व ‘मंडई’चे सर्व हक्क मुक्ताबाई हिंदुराव कामठे यांना द्यावेत. यावर माधवचे म्हणणे, “अगं, त्या बाईंना मासिकाला पत्र तरी लिहिता येईल का?” येणार नाही. म्हणूनच.

५. तरीही पाठचा भाऊ आहे. माझ्या मृत्यूनंतर महिन्याभरात माधवने मुक्ताबाईंच्या शिकवणीतल्या मुलांबरोबर ‘मंडई’चा एक डाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळावा. जिंकण्याची अट नाही. तो न फसवता खेळला असे मुलांनी एकमताने सांगितले, तर अर्धी कंपनी त्याची. मुलांना चॉकलेटे वाटल्यास कलम रद्द.

हे कलम त्याला वाचून दाखवले. बराच विचार करून त्याने विचारले, “ताई, एका डावाला साधारण किती वेळ लागतो गं?”

डब्यावर ‘फक्त वीस मिनिटांत’ असे त्यानेच छापून घेतले आहे. खरे उत्तर मुक्ताबाईंना ठाऊक आहे. त्यांनी ते त्याला सांगू नये, एवढीच विनंती.

(सही) श्यामला गोपाळकृष्ण गद्रे

श्यामलाबाईंनी हे सगळे मोठ्याने वाचले, मधे दोनदा हसल्या आणि आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

साक्षीदार:
१. यज्ञेश्वर दांडेकर, शेजारी (सही)
२. संपत गेनबा तापकीर, छापखानदार (सही)

पुणे, ५ सप्टेंबर २००३