आई झोपलीय

४ मे

"तुला जायाचा हाय का न्हाय? येवडाच सांग."

भाकरी थापता थापता आईनं विचारलं. मी पिठाचा डबा ठेवायला उठले. आता लिहायला बसलेय, तरी ठरत नाही.

पोलंड. लॉड्झ नावाचं शहर — तिथले लोक त्याला 'वूच' म्हणतात म्हणे. सात आठवड्यांचा उन्हाळी कोर्स. कापडगिरण्या बंद पडल्यावर गावाचं आणि माणसांचं काय होतं, हा विषय. एम.ए.च्या मॅडमनी अर्ज भरायला लावला, मी भरला, आणि निवड झाली! शिष्यवृत्तीसकट. अर्जात लिहिलं होतं — माझे वडील पॉवरलूमवर जॉबर आहेत, बिघडलेले लूम चालू करून देतात. आईनं लग्नापासून सुताच्या कांड्या भरल्या, लूमच्या धोट्यात बसतात त्या. मला यांच्याबद्दल शिकायचंय, आणि परत येऊन यांच्यासाठी काही करायचंय. लिहिताना डोळे भरून आले होते. खोटं नव्हतं ते.

पण आईला हल्ली जिन्यात मधेच बसावं लागतं. कापसाची धूळ छातीत गेली ती गेलीच. कांडी सोडून वर्ष झालं तरी दम लागतो. तिला टाकून मी कुठं जाऊ? आणि नाही गेले, तर आयुष्यभर तिलाच त्याचं कारण करून ठेवणार नाही ना?

मॅडमना शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

६ मे

नाहीच जात. ठरवलं.

७ मे

पंढरीकाकांनी धामणकर नाक्यावर बॅनर लावला!

बाबांचे धाकटे भाऊ. वस्तीत कुणी दहावी झालं, कुणाला मुलगा झाला, कुणाची बदली झाली — पंढरीकाकांचा बॅनर ठरलेला. 'परदेशी उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल कु. मनाली धम्मपाल हिचे हार्दिक अभिनंदन!' वर बाबासाहेबांचा फोटो. मधे मी, दोन वेण्यांतली, दहावीची. मागं विमान. खाली शुभेच्छुकांची रांग, अर्धे गॉगल लावून. मी अजून हो म्हटलेलं नाही. व्हिसाचा तर पत्ताच नाही!

काकांना म्हटलं, आधी विचारायचं तरी. ते म्हणाले, अगं, आनंदाला काय विचारायचं?

शेअर रिक्षावाल्यानं मला पुढची सीट दिली. "बॅनरवाली मॅडम, आप इधर बैठो." बाबा घरी हसत होते. "आता नाही म्हणालीस तर तो बॅनर उतरवायला तुलाच चढावं लागेल." आई रिक्षा करून मुद्दाम बघून आली. बराच वेळ उभी होती म्हणे. आल्यावर एवढंच बोलली — "नाक जरा बारीक केलान तुजा."

विहारातल्या बायका येऊन गेल्या. कुणी गाल कुरवाळले, कुणी पाया पडायला निघाल्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता कशी नाही म्हणू? नाही म्हणणं हे माझ्या एकटीचं राहिलंच नाही.

९ मे

हो कळवलं.

७ जून

विमानतळ. अजून वेळ आहे.

आई आली नाही. म्हणाली, "मी आली तं तू रडशील, तू रडली तं मला दम लागंल. घरीच बरी हाय मी." दारात उभी राहून पदरानं माझ्या बॅगेवरची धूळ पुसत होती. बॅग नवी होती, धूळ नव्हतीच. मग म्हणाली, "कायबी होऊंदे, अर्ध्यातनं उठून येव नको. अर्धी भरलेली कांडी कोन घेत न्हाय."

मी हो म्हटलं. सगळ्यांना सगळं हो म्हणत सुटलेय मी.

११ जून

इथं रात्री नऊ वाजताही उजेड असतो. कधी झोपायचं कळत नाही. खोलीत जॉर्जिया देशातली नीनो आहे. ती मोठ्यानं हसते आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी ब्रेडला लावून खाते. वर्गात मी तोंड उघडलं नाही. प्रश्न समजतो, उत्तरही येतं, पण इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत दुसरंच कुणी बोलून मोकळं होतं.

माझ्या जेवणाच्या सुट्टीत तिकडं संध्याकाळ असते. तेव्हा बाबांचा फोन येतो. बाबा ओरडूनच बोलतात, लूमवरची सगळी माणसं फोनवर ओरडतात. नीनोनं पहिल्या दिवशी घाबरून विचारलं, भांडण झालं का? आई मागून फक्त विचारते — जेवली का?

१७ जून

आज कापडाच्या म्युझियममध्ये नेलं. जुन्या गिरणीतच आहे ते. एका मावशींनी आम्हाला दाखवायला एक लूम चालू केला. आवाज लागू नये म्हणून सगळ्यांना कानाला लावायला दिलं होतं. मी लावलं नाही.

एकटा लूम मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. आमच्याकडं शंभर एकदम चालतात, त्यात आवाज असा राहतच नाही, हवाच तशी असते. हा एकटाच खडखडत होता. मला इतकं रडू आलं की मावशींनी घाबरून तो बंद केला.

व्हिडिओ आईला पाठवला. तिचा लगेच आवाज आला, खोकत खोकत हसतेय — "येवड्या लांब जाऊन लूमच बगतं? हितं काय कमी होतं?" तीनदा ऐकला.

२१ जून

फोन आला नाही. लाईट गेली असेल.

२२ जून

बाबांचा फोन आला. आई झोपलीय म्हणाले. संध्याकाळी? म्हणे औषधानं गुंगी येते. सगळं ठीक आहे, तू जेवलीस का, तिकडं भात मिळतो का. बाबांनी कधी जेवणाचं विचारलं नव्हतं, ते आईचं खातं.

२४ जून

आई अंबाडीला मावशीकडं गेलीय म्हणे. हवापालट. तिथं रेंज नसते. मला न सांगता? रागच आला. आईला आवाज पाठवला — "एवढी काय बिझी झालीस? लेक परदेशात आहे, आठवण तरी येते का?" मुद्दाम जरा तोडून बोलले.

२५ जून

निळ्या खुणा झाल्यात. ऐकलंय तिनं. उत्तर नाही. रुसली वाटतं!

२७ जून

बाबा हल्ली हळू बोलतात. फोनचा आवाज पूर्ण वाढवावा लागतो. नीनो म्हणाली, तुझे बाबा आता छान बोलतात, भांडत नाहीत.

इस्त्रीचा शर्ट घालून बसतात व्हिडिओ कॉलला. मागं टीव्ही लावलेला. विचारलं, कुठं कार्यक्रमाला निघालात का? म्हणाले, हो, जरा.

२९ जून

लिहायला हवं.

हेमालीनं, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीनं, सकाळी व्हिडिओ पाठवला. ती नाक्यावर रिक्षात अडकलेली. ट्रक, टेम्पो, हॉर्न. कॅमेरा गोल फिरवत ती म्हणते, "घे मॅडम, तुझं युरोप बघ!" मी हसतच होते. रिक्षा स्टँडच्या मागं बॅनर दिसला. आधी वाटलं माझाच, अजून उतरवला नाही.

थांबवून मोठा केला.

आई. माझ्या पदवीदानाच्या दिवशीचा फोटो. आम्ही दोघी होतो त्यात. मला कापलंय, पण तिच्या खांद्याशी माझ्या काळ्या गाऊनची बाही राहिलीय.

'कालकथित मंदा धम्मपाल यांना भावपूर्ण आदरांजली. जलदान विधी व पुण्यानुमोदन, रविवार दि. ६ जुलै.'

हेमालीला फोन केला. उचलल्या उचलल्या ती रडायला लागली, म्हणजे तोवर तिला स्वतःची चूक कळली होती. तिनं सांगितलं ते असं. एकवीस तारखेला पहाटे आईचा दम वाढला. रिक्षा येईपर्यंतही ती राहिली नाही. जिन्यातच गेली, बाबांच्या मांडीवर. आदल्या आठवड्यात तिनं बाबांकडून कबूल करून घेतलं होतं — मला काही झालं तर कोर्स पुरा होईतोवर पोरीला कळवायचं नाही. मग बाबांनी सगळ्यांना हात जोडले. चाळ, विहार, कॉलेज, मॅडमसुद्धा. कुणी स्टेटस ठेवायचं नाही, ग्रुपवर लिहायचं नाही. सगळ्यांनी पाळलं. अख्ख्या वस्तीनं पाळलं!

आणि पंढरीकाकांनी बॅनर लावला. बाबा रागावले तर म्हणाले, "पोरीचा लावला नि वहिनीचा नाही लावला, तर समाज काय म्हणेल? आणि मनाली काय पोलंडमधनं नाका बघतेय का?"

मला हसू आलं. खरंच आलं. मग काय झालं ते नीनोला माहीत. तिनं मला जमिनीवरून उठवलं.

तो आवाज. 'आठवण तरी येते का?' तो बाबांनी ऐकला. एकट्यानं.

३० जून

बाबांचा फोन. मी तोंड धुऊन बसले होते.

"आई आली का अंबाडीहून?"

"आली ना. झोपलीय. उठवू का?"

कसं म्हणवलं असेल त्यांना! उठवू का! मी म्हटलं, "नको बाबा. झोपू दे."

आमच्या घरात खोटं बोलायचं नाही, असं मीच ओरडायचे. आजोबांच्या शेवटच्या आजारात, डॉक्टर म्हणाले ते त्यांना खरं सांगितलं पाहिजे म्हणून मीच भांडले होते. पण बाबांच्या हातात आता एवढं एकच काम उरलंय, आणि ते जीव लावून करतायत. ते मी मोडणार नाही. शेवटच्या दिवसापर्यंत मला काही माहीत नाही. ठरलं.

नीनोला हे सांगितलं. तिला पटलं नाही. ती म्हणाली, मग तुम्ही दोघं एकमेकांना न सांगता एकेकटे रडणार? मी म्हटलं, तुला नाही कळायचं. आमच्यात असंच प्रेम करतात.

२ जुलै

आज वर्गात बोलले. सरांनी विचारलं, यंत्रं थांबली की गावाला काय होतं? माझा हात आपोआप वर गेला. मी म्हटलं, आमच्याकडं लाईट गेली की लोक झोपेतून जागे होतात. आवाज बंद झाला म्हणून. लहान मुलं रडायला लागतात. बायका बाहेर येऊन एकमेकींना विचारतात, तुझ्याकडं पण गेली का. शांतता आम्हाला वाईट बातमीसारखी वाटते.

मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर नंतर म्हणाले, यावर शेवटचा निबंध लिही, तो छापू.

पहिल्यांदा बोलले. आणि आधी कुणाला सांगायचं, तर तिलाच.

३ जुलै

बाबांचा फोन समोर तांब्याला टेकवलेला असतो. आज बोलता बोलता तो घसरला आणि दाराकडं वळला.

बाहेर गॅलरीत बायका बसल्या होत्या. दाटीनं, भिंतीला पाठ लावून. विहारातल्या, शेजारच्या. अंबाडीची मावशीही. तोंडाला पदर. कुणाच्या तरी मांडीवरचं पोर कुरकुरलं तर तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. सगळ्या माझा फोन संपायची वाट बघत होत्या.

बाबांनी फोन उचलला. इस्त्रीचा शर्ट, आणि खाली चुरगळलेला लेंगा. म्हणाले, "त्या… पापड करायला आल्यात."

मी म्हटलं, बरं.

म्हणजे रोज. रोज संध्याकाळी माझ्या वेळेला ते घर रिकामं करतात. शोक करायला आलेल्या माणसांना हात जोडून बाहेर बसवतात. शर्ट घालतात. टीव्ही लावतात. मी शहाणपणानं गप्प बसले म्हणून हे आणखी तीन आठवडे चालणार. बाबा रडणार कधी?

आईला शब्द दिलाय. सरांना निबंध हवाय.

४ जुलै

सरांना भेटून कोर्स सोडला. निबंधालाही नाही म्हटलं. तिकीट बदललं, दुपारचं विमान, उद्या सकाळी मुंबई. हे सगळं झाल्यावर बाबांना मीच फोन लावला, आमच्या वेळेच्या आधी. बनियनवर होते. टीव्ही बंद होता.

"बाबा, रविवारी आईच्या कार्यक्रमाला मी येतेय."

त्यांचा हात खुंटीवरच्या शर्टाकडं गेला, आणि तिथूनच परत आला. मग म्हणाले, "ये."

फोन तसाच हातात घेऊन उठले, दार उघडलं आणि गॅलरीत जमू लागलेल्या बायकांना म्हणाले, आत या सगळ्या, पोरीला कळलंय. मावशीनं उंबऱ्यातच हंबरडा फोडला. मग बाबांनी.