न दुखणारी जागा

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

माफ कर. होळीनंतर तुला उघडलंच नाही. कारणं पुष्कळ सांगता येतील. खरं एकच — लिहायला बसलो की टेबलाच्या कडेला पोट टेकतं, आणि मग दुसरं काही सुचतच नाही.

तर पोटाबद्दलच लिहितो. मधुमेह जुना, इन्सुलिन सुरू होऊन दोन वर्षं झाली. गोड सोडून वर्ष उलटलं. भात सोडला. इथल्या, काशीच्या, पंचगंगा घाटाच्या पायऱ्या रोज सकाळी उतरतो-चढतो. हात बारीक झाले, गालफडं बसली, मान कोंबडीसारखी झाली. पोट तिथंच! त्यातही डाव्या बाजूला, बेंबीच्या शेजारी, एक फुगवटा आहे. तो तर कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

कॉलेजात त्रिपाठीजी म्हणाले, "नीलकंठ जी, आपका पेट आपसे पहले क्लास में पहुँच जाता है." मुलींनी ऐकलं. मी हसलो. हसायला नको होतं.

१९ नोव्हेंबर

साखर पुन्हा वर. डॉक्टरांनी मान न उचलता इन्सुलिन वाढवलं. "परहेज़ कीजिए, मास्टर साहब." करतोय! ऐकणारं कोण?

बाहेर बाकावर बायको, शरदिनी, बसली होती. कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं. बोलली नाही. घरापर्यंत तशीच.

२४ नोव्हेंबर

बोलली आज. "अहो, खरं सांगा. बाहेर काय खाता?"

काही नाही, म्हटलं.

"हात बघू."

पन्नाशीला आलेला माणूस मी, नागरिकशास्त्र शिकवतो, आणि बायकोनं माझी बोटं हुंगली.

खडूचा वास आला असेल.

२ डिसेंबर

चौखंब्याच्या गल्लीतून येत होतो. मलइयोवाल्यानं, थंडीतली ती दुधाच्या फेसाची मिठाई विकतो त्यानं, हाक मारली. "गुरू, भउजी आइल रहलीं. पूछत रहलीं कि गुरू मलइयो खालन का." आणि हसला. शेजारी कुल्हडं चाटत उभे होते तेही हसले.

माझी चौकशी! भर गल्लीत! जन्म गेला या गल्ल्यांत. इथं मला वडिलांच्या नावानं ओळखतात, आता तोंदेच्या, ढेरपोटाच्या नावानं ओळखतील.

घरी येऊन विचारलं, तू काय पोलीस आहेस का? तिनं कणीक मळणं थांबवलं नाही. "माझ्या बाबांचंही असंच होतं. खात नाही, खात नाही म्हणायचे. आधी अंगठा गेला, मग पाय. मला पुन्हा नाही बघायचं ते."

मी काही बोलणार होतो. पण मग वाटलं, म्हणजे मी खोटारडा, हे ठरलेलंच आहे. मग कशाला बोला.

५ डिसेंबर

स्वतःलाच विचारतो आहे. खरंच खात नाही का मी? कार्तिकात बिंदुमाधवाच्या देवळात पुजाऱ्यानं हातावर बताशा ठेवला. तोंडात टाकला. नकळत म्हणावं, तर तोंडात टाकण्याआधी क्षणभर थांबलो होतो, म्हणजे नकळत नाही. बताशा खाल्ला म्हणजे खाल्लाच. हे तिला सांगितलं नाही.

पण एका बताशानं एवढी साखर चढते? आणि एवढं पोट?

११ डिसेंबर

आज मीच तोंड उघडलं, वाईट तऱ्हेनं. जेवताना म्हटलं, आमटीत गूळ घालतेस ना? तूच घालतेस, तूच मला चोर ठरवतेस.

ती उठली. गुळाचा डबा घेतला, खाली जाऊन बोळात गाईपुढे ठेवून आली. डब्यासकट! रिकामी आली, हात धुतले, बसून तीच आमटी जेवली. आमटीत गूळ होता की नव्हता ते अजून माहीत नाही.

१५ डिसेंबर

मी माझी डाळ वेगळी शिजवतो आता. एक शेगडी तिची, एक माझी. मधुराचा पुण्याहून फोन — "बाबा, आईचा आवाज असा का येतोय? भांडलात?" म्हटलं, नाही गं, थंडी पडलीय. लगेच हिंदीत म्हणाली, "आप दोनों झूठ बहुत खराब बोलते हैं." घराबाहेर जन्मभर मास्तरकी केली, घरातल्या पोरीनं असा नापास केला.

२९ डिसेंबर

बोलणं बंद. पण सकाळी सात आणि संध्याकाळी सात, सुई तीच टोचते. हे लिहून ठेवायला हवं. मला सुई बघवत नाही, पहिल्या दिवसापासून. कंपाउंडरनं शिकवलं ते तिलाच. ती इन्सुलिनचं पेन फिरवून डोसचा आकडा लावते, मी सदरा वर करतो, खिडकीतून पलीकडच्या गच्चीवरच्या माकडांकडे बघतो. ती टोचते. मनातल्या मनात दहा मोजते, ओठ हलतात. मग सुई काढते, आणि संपलं.

दिवसभरात तिचा हात मला लागतो तो एवढाच. तेवढ्यात ती काही म्हणेल असं रोज वाटतं. मीही म्हणत नाही.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिनं तिळाच्या वड्या दिल्या. माझ्या हातावर नुसते भाजलेले तीळ. तीळ कडवट लागले — जास्त भाजले गेले असतील. की मलाच सगळं कडू लागतं आता?

प्रयागच्या कुंभाची गर्दी इकडं लोटली आहे. घाटावर पाय ठेवायला जागा नाही. फिरणं बंद. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं — बाहेरच्या बाजूला.

२२ जानेवारी

पुन्हा इन्सुलिन वाढवलं. वाढवलं की भूक लागते. भूक लागली की खावंसं वाटतं. नाही खाल्लं तर चिडतो, खाल्लं तर फुगतो. या गोल फिरण्यात माझा गुन्हा नेमका कुठे सुरू होतो, ते कुणी दाखवून द्यावं. कबूल करीन.

३ फेब्रुवारी

आमचे डॉक्टर सुटीवर. त्यांच्या जागी एक तरुण बाई बसल्या होत्या. शरदिनी आली नव्हती, मी एकटाच. बाईंनी कागद वाचले, आणि म्हणाल्या, "लेट जाइए. पेट दिखाइए."

दोन वर्षांत पोटाला हात लावून कुणी पाहिलं नव्हतं! सगळे कागदच बघत होते.

बेंबीच्या डाव्या बाजूला त्यांनी बोटांनी दाबलं, चाचपलं, पुन्हा दाबलं. "सुई यहीं लगाते हैं? हर बार?" म्हटलं, मी नाही लावत. "जो भी लगाता हो. यहीं?" म्हटलं, हो.

मग त्यांनी समजावलं. एकाच जागी रोज टोचलं की तिथली चरबी इन्सुलिननं जाड होत जाते, गाठ बनते. फुगवटा आहे तो हाच. चालून, उपाशी राहून तो जायचा नाही. आणि त्या गाठीत टोचलेलं औषध नीट अंगात जात नाही — कधी जातं, कधी तिथंच अडकतं. म्हणून साखर उतरेना. उतरेना म्हणून डोस वाढला. डोस वाढला म्हणून वजन.

मी विचारलं, म्हणजे मी खात होतो म्हणून नाही?

त्या हसल्या. "बाकी का पेट तो आपका ही है, मास्टर साहब. उसके लिए चलिए." पण गाठ सुईची. जागा बदला, दर वेळी थोडी थोडी सरकवा. आणि डोस कमी करा, कारण चांगल्या जागी औषध पुरतं लागेल, साखर एकदम पडू शकते. टोचलं की वेळेवर जेवा. तीनदा सांगितलं.

गल्लीतून येताना पाय जमिनीवर नव्हते. मी खोटारडा नाही! कागदावर आहे, बाईंनी लिहून दिलं आहे. काय काय बोलायचं ते सगळं जुळवत आलो. हेही लिहितो, कारण लाज वाटते: मला बरं होण्याचा आनंद कमी होता. जिंकल्याचा जास्त.

३ फेब्रुवारी, पुन्हा

सांगितलं. सातच्या सुईच्या वेळी. ती पेन घेऊन आली, मी सदरा वर केला नाही. म्हटलं, हे पोट माझ्या जिभेनं नाही वाढवलं. तुझ्या हातानं वाढलंय.

कागद पुढे केला. तिनं वाचला. चष्मा आणून पुन्हा वाचला.

"दुखत नव्हतं ना तिथं तुम्हाला?"

म्हटलं, काय?

"पहिले पहिले मी जागा बदलायचे. कंपाउंडर म्हणाला होता. पण उजवीकडे टोचलं की तुम्ही डोळे मिटायचात. मांडीवर तर ओरडलात एकदा. मी तोंड बघायचे तुमचं. त्या एका जागी तुम्हाला कळायचंही नाही. माकडंच बघत असायचात." जरा थांबली. "म्हणून तिथंच."

बाईंनी सकाळी हेही सांगितलं होतं, मीच वर लिहिलं नाही: गाठ झाली की तिथं दुखत नाही, म्हणून लोक तीच जागा धरतात.

तिनं पेन टेबलावर ठेवलं. "आता तुमचं तुम्ही टोचा. माझा हात नको."

४ फेब्रुवारी

स्वतः टोचलं. पहिल्यांदा सुई आत गेलीच नाही, थेंब मांडीवर पडला. दुसऱ्यांदा गेली. उजवीकडे. केवढं दुखतं! ती दाराशी उभी होती, पाठ करून.

६ फेब्रुवारी

साखर उतरते आहे. बरोबर ठरलो. घरात बरोबर ठरलेला एक माणूस आणि एक शेगडी.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचं अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून घे.

सकाळी सुई टोचून घेतली आणि डाळ लावायला गेलो. तिचा कुकर एका शेगडीवर, दूध दुसऱ्यावर. जरा सरक, असं म्हणायचं होतं. नाही म्हटलं. तिची पातेली उतरतील तेव्हा माझी चढवीन, असा ताठा. बाईंनी तीनदा सांगितलं होतं, वेळेवर जेवा. मी बाहेर येऊन पेपर घेतला. ओळी एकमेकींवर चढायला लागल्या. घाम. वाटलं, खिडकी उघडावी. पुढचं नीट आठवत नाही.

आठवतं ते तिचं बोट. दातांच्या मधून आत घुसवलेलं, साखरेनं भरलेलं. "चघळा! अहो, चघळा आधी! गिळा!" हाताला ओढ, गालावर चापट, पुन्हा साखर, मग साखरेचं पाणी, ओठांवरून गळ्यात, सदऱ्यावर सगळीकडे. "बघा इकडे. माझ्याकडे बघा! कोण मी? सांगा, कोण मी?"

नाव सांगितलं म्हणे मी. तेव्हा ती खाली बसली.

साखर मापली तेव्हा बावन्न. पाव तासानं वर आली. मग तिनं मला दहीभात भरवला. भात! तिच्या पदराला साखर चिकटली होती, मुंग्या लागल्या. तिनं झटकल्याही नाहीत.

मी म्हटलं, शेगडी मोकळी नव्हती.

"मूर्ख माणूस," ती म्हणाली. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, पहिल्यांदाच म्हणाली.

११ फेब्रुवारी

दोन दिवस एकच डाळ शिजते.

पण आत एक काटा आहेच. माफी तिनं मागितली नाही, मीही नाही. माझा चोर म्हणून झालेला अपमान तिला दिसला तरी का? का सुईच्या गाठीपुढे तो लहानच ठरतो? न्याय मागणं हा हलकटपणा आहे का? मुलांना शिकवतो तेव्हा तर तसं म्हणत नाही.

१२ फेब्रुवारी

आज विचारलं. सरळ. तुला खरंच वाटत होतं, मी चोरून खातो?

ती गवार मोडत होती. म्हणाली, "नाही. चौखंब्यात विचारून आले त्याच दिवशी कळलं, तुम्ही काही खात नाही."

मग? एवढे दिवस?

"खात असता तर बंद करता आलं असतं. खात नाही आणि तरी चढतेच आहे — मग मी काय करणार होते?"

शेंगा तशाच राहिल्या मांडीवर.

उद्या: सकाळी सातला सदरा वर करून तिच्यापुढे बसायचं — उजवी बाजू — आणि म्हणायचं, तूच टोच.