जिभेखालची शीर

आई,

मला बघायला चौलहून माणसं आली, त्या दिवशी तू मला तोंड उघडू दिलं नाहीस. नाव विचारलं ते तूच सांगितलंस, रांधता येतं का म्हटल्यावर मी नुसती मान हलवली. पोर लाजरी आहे म्हणालीस आणि सुपारी फुटली. माझं अडखळणं त्या दिवसापुरतं लपलं, पण लग्नानंतर किती दिवस लपणार होतं? मग एके दिवशी जुनं लुगडं फाडून, पट्ट्या उकळून तू वाडीत पोफळींच्या मध्ये वाळत घातल्यास. कशाला, ते मी विचारलं नाही. विचारायला गेलं की शब्द पहिल्या अक्षरावरच अडायचा आणि तू दुसरीकडे बघायचीस. शेवटी शेजारच्या काकूंकडून कळलं. रेवदंड्याच्या बंदरावर जडीबुटी विकणारा एक म्हातारा उतरला होता. तो जिभेखालची शीर कापतो, मग बोलणं मोकळं होतं, असं त्या म्हणाल्या.

तो भर दुपारी आला. वडील मुद्दामच बाजाराला गेले होते. तो पडवीत बसून वस्तरा दगडावर घासतोय आणि तू माझं डोकं मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी गच्च धरलं आहेस. वारा पडलाय. तुझे हात गार लागतायत. म्हातारा सहज सांगावं तसं सांगतो, मागच्या गावातल्या पोरीचं रक्त दोन दिवस थांबत नव्हतं.

तू विचारतेस, “वाचली ना?”

तो अंगठ्यावर धार बघत राहतो. मग म्हणतो, “मी तवर थांबलो न्हाय, बाय.”

तेव्हा मी बोलले. “म... म... मला न... नको. मी अ... अशीच ब... बोलणार.” एवढं म्हणायला किती वेळ लागला कोण जाणे. पहिल्यांदाच कुणी मला मध्ये तोडलं नाही. पुढच्या क्षणी मी अंगणात उभी होते. म्हाताऱ्याने वस्तरा फडक्यात गुंडाळला आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन मी चौलला गेले. होणाऱ्या सासूला मी माझ्याच तोंडाने सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि लग्न मोडलं. तू पावसाळाभर माझ्याशी बोलली नाहीस, आणि दिवाळीच्या आत तापाने गेलीस.

त्याला पंधरा वर्षं झाली. मी आता सुईणीचं काम करते. नव्या घरात पाऊल टाकलं की आधी सांगते, मी अडखळते, माझं बोलणं पुरं होईस्तोवर थांबा. काहीजणी थांबतात, काही तोंडावर पदर घेऊन हसतात. जीभ एक दिवस सुधारेल, ही वाट बघणं मी सोडून दिलंय. कधी बोलणं बरं चालतं, कधी स्वतःचं नावही निघत नाही. त्या दिवशी हातांनीच काम भागवते.

हे कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहून टाकते. लोकांना मी सांगते की आईनेच मला हातातून सोडलं. पण त्या दुपारी तू हात सैल केलेस की मी हिसका देऊन सुटले, ते मला खरंच आठवत नाही.