कुळगावच्या ऑफिसचा डोळा

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळीच शेठचा फोन. तिन्ही ऑफिसांत कॅमेरे लागणार: उल्हासनगर, अंबरनाथ आणि आमचं बदलापुरातलं कुळगाव. शुक्रवारी स्क्रीनवरून एक मुलाखत घेऊन दाखवायची. जमलं तर बदलापूरची शाखा राहील, नाही तर सगळं उ.नगरला. आजाऱ्यांच्या घरी सेवेला बायका पाठवायचं आमचं काम. वांगणीकडच्या बायका काम मागायला माझ्यापर्यंत येतात. पण शेठना भेटायला उ.नगरला जायचं म्हटलं की निम्म्या परत फिरतात. तेव्हा हे व्हायलाच हवं.

४ नोव्हें., मंगळ
बसला. भिंतीवर उंच टीव्ही, त्याच्या डोक्यावर सुपारीएवढा कॅमेरा. केबलवाल्याने नेट जोडलं. मी आणि पार्वतीमावशी (झाडलोट, चहा, वेळेला दटावणी, सगळं त्यांच्याकडे) नुसत्या बघत बसलो. उद्या दहाला सुरू.

५ नोव्हें.
कुसुम दिसली. अंबरनाथचं ऑफिस तिच्याकडे. बावीस वर्षं रोज दहाला फोन, एका स्टेशनाचं अंतर, आणि शेवटची भेट तिच्या मुलीच्या लग्नात. केस पार पांढरे झालेत. रडूच येणार होतं, तर ती म्हणते, "शैला, कुठेयस गं? इकडे नुसतं लाल दिसतंय. आग लागलीय का तुमच्याकडे?"
शेठ: "बदलापूरचा नेट कमजोर. मला वाटलंच होतं."
केबलवाल्याने दोनदा वायर बदलली. लाल ते लालच.
शेठ: "शुक्रवारी पण असंच झालं तर..."

६ नोव्हें., गुरु
सापडलं. लवकर पोचले तर मावशी स्टुलावर, हातात हळदकुंकवाची कोयरी. नवं यंत्र म्हणून मंगळवारी जाताना ओलं बोट थेट कॅमेऱ्याला लावलेलं. आज दुसऱ्यांदा चाललं होतं.
"मावशी, तो त्याचा डोळा आहे."
"मग कपाळ कुठंय त्याचं? दाखवा, तिथं लावते."
चष्म्याच्या फडक्याने पुसलं. हसून हसून स्टूल हलायला लागलं. कुसुम: "आता दिसलीस. किती वाळलीस गं."
शेठना सांगितलं, वायर सैल होती. कॉन्व्हेंट शाळेत असते तर खोटं बोलले म्हणून सिस्टरनी वर्गाबाहेर उभं केलं असतं. केबलवाल्याला बोलावून चहा पाजला.

७ नोव्हें., शुक्र
वांगणीची रेखा. सहा वर्षं अंथरुणावरच्या सासूचं केलंय, बाहेर नोकरी कधी नाही. टीव्हीतल्या शेठकडे बघून बोलायची, पण कॅमेरा वर, त्यांना ती मान खाली घातलेलीच दिसे. "वर बघ ना बेटा, घाबरते कशाला?" मग ती आणखीच घाबरली.
सिस्टर म्हणायच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा. इथे उलटंच. चेहऱ्यावरची नजर काढावी तेव्हा कुठे नजरानजर होते.
मी मावशींच्या स्टुलावर चढले, कॅमेऱ्याशेजारी डोकं नेलं. "रेखा, माझ्याशी बोल."
बोलली. चादर न ओढता आजाऱ्याला कुशीवर कसं वळवायचं, ते हवेतच हातांनी करून दाखवलं. किती हलक्या हातांनी.
शेठ: "सोमवारपासून ये."
मी स्टुलावरूनच विचारलं, आणि शाखा?
"सोचके बताता हूँ, मॅडम." गेले.
कुसुमने बंद केलं नाही. मीही नाही. दोघींनी डबे उघडले. तिची मेथी, माझी वांगी. वाटी कॅमेऱ्यासमोर धरली तर म्हणाली, "तेल फार घालतेस, अजूनही."

८ नोव्हें., शनि
शेठचा निरोप नाही.
मावशींनी टीव्हीच्या चौकटीवर कुंकू लावलंय, डोळ्यापासून चांगलं वीतभर लांब. "हे कपाळ," म्हणाल्या.
वांगणीच्या दोन बायका आल्यात, रेखाने पाठवलेल्या. बाकावर बसवलंय. म्हटलं थांबा, उ.नगरला जायचं नाही, इथूनच...
दहाला पाच कमी. केस नीट केले, स्टूल कॅमेऱ्याखाली ठेवलं.