बाबांच्या चौदा खेळ्या

कुताइसी, ५ नोव्हेंबर १९८७

चि. सौ. इया हिस,
अ. उ. आ.

ईस्टरनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझ्या मुली बुद्धिबळाच्या स्पर्धेसाठी इथे येऊन बारा दिवस झाले तरी पोहोचल्याची चिठ्ठीसुद्धा धाडली नाही. शाळेची कामं होती हे खरं, पण कारण म्हणून ते पुरत नाही. रोज लिहायला बसायचे आणि रोजनिशीत दोन ओळी खरडून उठायचे. माफ कर.

तेक्लेचा ताप पूर्ण उतरला. खाणं ठीक आहे. दारिको मक्याची भाकरी तिच्या ताटातलीही उचलते आणि वर म्हणते, की आजारी माणसाला हलकंच बरं. तेक्लेनं तिला सुनावलं, की आधी स्वतःची वेणी घालायला शीक, मग डॉक्टर हो.

आता मुद्द्याचं. सख्ख्या बहिणींचा डाव नियमानं पहिल्याच फेरीत लावतात, पुढे गुणांची जुळवाजुळव करायला वाव राहू नये म्हणून. पण तेक्ले तापानं पडली आणि तो डाव पुढे गेला. बाकीच्यांचे सगळे डाव आज संपले. राहिलाय तो एवढाच, मंगळवारी, दहा तारखेला. मॉस्कोच्या शिबिरासाठी दोघी निवडायच्या आहेत. आपल्या पोरींनी बरोबरी करून अर्धा-अर्धा गुण घेतला तर दोघी जातात. एक हरली तर तिची जागा पोती गावच्या मारेखीला. ती मुलगी आईबरोबर इथेच थांबली आहे, निकालासाठी. तू काय म्हणतेस ते कळव. हे पत्र आणणारा बसवाला गेनो उद्या संध्याकाळी तिथून परत निघेल.

तुझी माया मी गृहीत धरते, ही माझी जुनी खोड.
लामारा

*

त्बिलिसी, ६ नोव्हेंबर

ती. ताईस,
इयाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र बघून आधी घाबरले, म्हटलं कुणी गेलं की काय. सात महिने गप्प बसून मग दोन पानं! तुझ्या रोजनिशीचा मला हेवा वाटतो, तिला रोज भेटतेस.

यात विचारण्यासारखं काय आहे? बाबांच्या चौदा खेळ्या शिकव त्यांना. तेक्लेला पांढरी, दारिकोला काळी. चौदाव्या खेळीला हात मिळवायचा आणि जेवायला घरी. आपण दोघी नऊ वर्षं तेच खेळलो, काही बिघडलं का आपलं? घरातलं भांडण पटावर नको, असं बाबा म्हणायचे ते मला आजही पटतं. मारेखीचं मला वाईट वाटतं, पण तिची काळजी करायला तिची आई आहे.

कामामुळे मला इथून हलता येत नाही, नाहीतर मीच आले असते. तू फार खोलात शिरू नकोस. भाजी निवडतानासुद्धा देठाला न्याय मिळाला का बघणारी बाई तू.

गेनोबरोबर आंबट आलुबुखाऱ्याची चटणी पाठवली आहे. दारिकोपासून लपव.

रागावलीस तरी आठवण ठेव.
इया

*

कुताइसी, ७ नोव्हेंबर

चि. सौ. इया हिस,
अ. उ. आ.

चटणी लपवली होती. सापडली.

सकाळी आजीच्या रुखवतातला पट काढला. बाबांनी आपल्याला समोरासमोर बसवलं होतं तसं दोघींना बसवलं आणि खेळ्या सांगत गेले. तेक्ले मुकाट्यानं मांडत होती. बाराव्या खेळीला दारिको थांबली. दोन मिनिटं गाल फुगवून बसली आणि मग तिनं विचारलं, की मावशी, मी इथे घोड्यानं हे प्यादं घेतलं तर तेक्लेचा वजीर अडकतो ना?

मी म्हणाले, की घ्यायचं नाही. इया, तो आवाज बाबांचा होता. मला माझीच भीती वाटली.

तुला एक सांगायचं राहून गेलं आहे. बातुमीला, चौऱ्याहत्तर साली, शेवटच्या फेरीत (तेव्हा बहिणींचा तो नियम नव्हता) मलाही ती घोड्याची खेळी दिसली होती. त्याआधी आठ वर्षं कधी दिसली नव्हती, त्याच दिवशी दिसली. तुझं ते प्यादं घेतलं असतं तर अजिंक्यपद माझं होतं. डाव बरोबरीत सुटला म्हणून तुझं झालं. मी हात पुढे केला. तेरा वर्षं मी स्वतःला सांगत आले, की धाकट्या बहिणीसाठी सोडलं. आता तेही खरं वाटत नाही. कदाचित मला जिंकायची भीती होती. किंवा मनातल्या मनात तुला काही दिल्याचं समाधान हवं होतं. त्यानंतर मी स्पर्धा खेळले नाही आणि भूगोल शिकवत राहिले, यात तुझा काही दोष नाही. पण हे न सांगता त्या पोरींना पुढच्या दोन खेळ्या शिकवणं मला जमेना. पट तसाच मांडलेला आहे.

लोभ उरला असेल तर उत्तर लिही.
लामारा

*

त्बिलिसी, ८ नोव्हेंबर, सकाळ

ताई,

नमस्कार वगैरे आज राहू दे. गेनो खाली भोंगा वाजवतोय.

मला माहीत होतं. बातुमीला बारावी खेळी केली आणि तुझी नजर त्या घोड्यावर थांबलेली दिसली, तेव्हा मलाही कळलं. मी हात मांडीखाली दाबून बसले होते. घे, एकदाची घे, असं मनात म्हणत होते. आणि तू हसून हात पुढे केलास! भिंतीवरच्या बातुमीच्या फोटोत लोकांना करंडक दिसतो, मला तुझं ते हसू दिसतं. कुणी अभिनंदन केलं की तेरा वर्षं मला वाटत आलंय, की हे ताईला सांगा. तुझ्यावर मी किती चिडले आहे याचा तुला पत्ता नाही, कारण चिडायला कारण काय सांगणार? बहिणीनं जिंकू दिलं म्हणून?

आपलं काही बिघडलं का, असं मी परवा लिहिलं. खोटं लिहिलं.

पोरींना खेळू दे. जी हरेल तिला घेऊन ये, मी तिला पोटाशी धरीन. हरलेल्या पोरीचं काय करायचं ते मला कळतं.

तुझीच, अजून रागावलेली,
इया

*

कुताइसी, ८ नोव्हेंबर, संध्याकाळ

चि. सौ. इया हिस,
अ. उ. आ., आज नेहमीपेक्षा जास्त.

तुझं पत्र बसथांब्यावरच उभ्यानं दोनदा वाचलं. रडले नाही, पण घरी येताना आपली गल्ली सोडून पुढे गेले.

दोघींना बोलावून सांगितलं, की चौदा खेळ्या विसरा, मंगळवारी खरं खेळा, आणि हरणाऱ्या मुलीचं शिबिर हुकेल. दारिकोनं उडी मारली आणि जाहीर केलं, की ताईला धुऊन वाळत घालणार. तेक्लेनं आधी विचारलं, की आई काय म्हणाली. तुझ्या पत्रातलं शेवटचं तेवढं वाचून दाखवलं. मग म्हणाली, की बरं झालं, त्या टिकलीनं घोड्याची खेळी दिसूनही केली नसती तर मला जन्मभर तिच्याशी गोड बोलावं लागलं असतं.

तेव्हापासून घरात शांतता नाही. दोघींनाही तयारीला पट हवा आहे. एकजण बसली की दुसरी पाणी प्यायच्या निमित्तानं डोकावते, मग पहिली पटावर टॉवेल टाकते. जेवताना मीठ मागायलासुद्धा मध्ये मी. हे मी त्यांच्यासाठी केलं, की बातुमीला राहिलेली माझी घोड्याची खेळी त्यांच्या हातून करवून घेते आहे? विचार करून डोकं दुखलं. मंगळवारी एक पोरगी रडेल आणि तिला घेऊन मी तुझ्या दारात उभी राहीन, एवढंच आता नक्की आहे. दार उघड, मग काय बोलायचं ते बोल.

या घरात बाबांपासून एकच पट आहे.

उद्याचं काम: शेजारच्या लियानाकडून दुसरा पट मागून आणणे.

लामारा